आधी ‘बनगरवाडी’ की ‘फकिरा’?

वर्षाला बारा कादंबऱ्या वाचायच्या, असं आम्ही सांगलीतल्या पाच-सहा जणांनी ठरवलं. पहिलं पुस्तक आपल्या मातीतलं हवं, यावर एकमत झालं. पण कुठलं, यावर दोन रविवार गेले. एकीकडे व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५), दुसरीकडे अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ (१९५९). एक लेखक आटपाडीकडच्या माडगूळचा, दुसरा वाटेगावचा.

‘फकिरा’ वेगानं पळते. गावाला जत्रेचा मान मिळवून देणाऱ्या जोगणीसाठी रानोजीचा जीव जातो, पुढे दुष्काळात माणसं मरू लागतात आणि त्याचा पोरगा फकिरा इंग्रजांविरुद्ध उभा राहतो. वाचनाची सवय मोडलेल्या माणसालाही ती हातातून खाली ठेवू देत नाही. आमच्यातल्या एका काकूंनी ती दोन रात्रींत संपवली.

तरी माझं मत ‘बनगरवाडी’ला. छोटीशी कादंबरी, पण घाईनं वाचली तर हाती काही लागत नाही. पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, तर पोरं मेंढरांमागे गेलेली. हळूहळू शाळा भरते, सगळे मिळून तालीम बांधतात. मग पाऊस दडी मारतो आणि बांधलेली घरं तशीच टाकून माणसं निघून जातात. कुणी आक्रोश करत नाही. माझं आजोळ आटपाडी तालुक्यातलं. जगायला बाहेर पडलेल्यांची कुलपं लागलेली दारं मी लहानपणी पाहिली आहेत. ती पानं वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं.

जानेवारीत ‘बनगरवाडी’ घ्या, सावकाश. फेब्रुवारीत ‘फकिरा’.