बाहुल्याआधी पाट बघा

गेल्या दिवाळीत बहीण न्यू जर्सीहून आली ती पिशवीभर स्कायलँडर्स घेऊन, म्हणजे पाटावर उभे केले की व्हिडिओ गेममध्ये उतरणारे बाहुले. तिकडे शेजारच्या गराज सेलमध्ये पडत्या भावात मिळाले म्हणे. २३ बाहुले निघाले, पण ज्यावर ते उभे करायचे तो पाट काही पिशवीत नव्हता. आमचे चिरंजीव रडकुंडीला आले. मी ऑनलाइन एक जुना पाट मागवला. विकणाऱ्याने ‘सगळ्या कन्सोलला चालतो’ असं छातीठोकपणे लिहिलं होतं. आला तो एक्सबॉक्स ३६०चा, आणि आमच्याकडे टीव्हीला जोडायचा कन्सोल आहे पीएस३ (प्लेस्टेशन ३). एक्सबॉक्स ३६०चा पाट दुसऱ्या कशालाही चालत नाही, हे मला तेव्हा कळलं.

पाट म्हणजे पोर्टल. बाहुल्याच्या बुडाशी छोटी चिप असते, तिला सेल वगैरे काही लागत नाही. वीज देणं आणि चिप वाचणं ही दोन्ही कामं पोर्टल रेडिओ लहरींनी करतं. म्हणून असा गेम घ्यायचा विचार असेल तर बाहुला किती गोंडस आहे हे नंतर बघा. त्याला वाचणारं यंत्र घरात आहे का, हे आधी.

सुरुवात स्कायलँडर्सपासूनच करावी लागेल, कारण या प्रकाराची लाट त्यांनीच आणली. पहिला गेम ऑक्टोबर २०११ मध्ये आला, शेवटचा ‘इमॅजिनेटर्स’ २०१६ मध्ये. बाहुला पाटावर ठेवला की पाट उजळतो आणि पात्र पडद्यावर उडी मारतं. हा क्षण सातव्या वर्षी जेवढा भारी वाटतो, तेवढाच चाळिशीतही. कमावलेली लेव्हल बाहुल्याच्याच चिपमध्ये राहते, त्यामुळे तो खिशात घालून मित्राकडे नेता येतो, तिथला कन्सोल वेगळा असला तरी. ‘स्वॅप फोर्स’मध्ये तर १६ बाहुले कमरेतून सुटे होतात. कुणाचंही धड कुणाच्याही पायांवर लोहचुंबकाने बसतं, म्हणजे २५६ जोड्या. मेख अशी की पहिल्या गेममध्ये पात्रांची आग, पाणी अशी आठ तत्त्वं आहेत आणि काही दारं त्या-त्या तत्त्वाच्या पात्रालाच उघडतात. स्टार्टर पॅकमध्ये बाहुले मिळतात तीन. उरलेल्या दारांसमोर पोरगं उभं राहतं आणि मग तुमच्याकडे बघतं. जुने बाहुले नव्या गेममध्ये चालतात, नवे जुन्यात नाही. तेव्हा हातातला बाहुला कुठल्या वर्षाचा आहे ते बघून गेम निवडा. घरी निन्टेन्डोचा स्विच कन्सोल असेल तर सोपा रस्ता आहे: ‘इमॅजिनेटर्स’ची स्विच आवृत्ती. तिला पाट लागतच नाही, उजव्या हातातला कंट्रोलर, म्हणजे जॉय-कॉनच बाहुला वाचतो.

आज दुकानात नवाकोरा मिळणारा, कंपनी अजून मागे उभी असलेला प्रकार एकच, निन्टेन्डोचा अमीबो. नोव्हेंबर २०१४ पासून चालू आहे आणि स्विच २ वरही चालतो. वाचणारं यंत्र कंट्रोलरमध्येच असल्यामुळे पाटाची भानगड नाही. रंगकाम सुबक, शोकेसमध्ये ठेवावं असं. पण ‘याने होतं काय?’ असं विचारलंत तर उत्तर जरा ओशाळवाणं आहे. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या गेममध्ये दिवसातून एकदा टेकवला की वरून मासे, मांस, कधी एखादी पेटी पडते. ‘स्मॅश ब्रदर्स’मध्ये मात्र मजा आहे: तिथे बाहुल्याला पैलवानासारखं तयार करायचं, ५० व्या लेव्हलपर्यंत, आणि मग तो आपला आपण लढतो. चिपमध्ये जागा जेमतेम तीन एसएमएस मावतील एवढी, त्यामुळे लिहून ठेवलेली माहिती एका वेळी एकाच गेमची राहते. अमेरिकेत सुरुवातीची किंमत १२.९९ डॉलर होती. आपल्याकडे आयात करणाऱ्या दुकानातून घेताना भाव चढतो. माझं मत विचाराल तर अमीबो हा खेळण्यापेक्षा संग्रहाचा ऐवज आहे. त्याच्याशिवाय गेमचं काही अडत नाही, आणि पालकांच्या खिशाला हीच त्याची सर्वांत चांगली गोष्ट.

खेळण्याचा खेळण्यासारखा वापर बघायचा असेल तर लेगो डायमेन्शन्स. पाटाचे तीन भाग वेगवेगळ्या रंगांत उजळतात आणि कोडं सोडवायला लेगोचा माणूस उचलून इकडून तिकडे ठेवावा लागतो. गाडी मोडून दुसरी बांधायची आणि तिच्या चकतीत नवी नोंद करायची. जुना माल घेताना एक लक्षात ठेवा: चिप लेगोच्या माणसात नसते, त्याच्या पायाखालच्या गोल चकतीत असते. फोटोत बॅटमॅन दिसतोय पण चकती नाही, तर तुम्ही फक्त लेगोचा बॅटमॅन घेताय. सप्टेंबर २०१५ ला आलेला हा गेम २०१७ मध्ये गुंडाळला. नंतरच्या पॅकसाठी भरपूर डाउनलोड लागतं, पण काही नाही तर विटा तरी खेळायला उरतात.

डिस्ने इन्फिनिटीच्या वाटेला जाऊ नका. बाहुले देखणे, पण एका मालिकेचं पात्र दुसऱ्या मालिकेच्या गोष्टीत जात नाही, आणि मे २०१६ मध्ये डिस्नेने हात वर केले. नंतर पीसीवर गोल्ड एडिशन निघाली, तिच्यात सगळी पात्रं आधीच उघडी. ना बाहुला, ना पाट. मग गंमत कसली?

आमचे २३ जण त्या दिवाळीत किल्ल्यावर मावळ्यांच्या शेजारी पहारा देत उभे होते. त्यातला ट्रिगर हॅपी नावाचा बाहुला महादरवाजावर. बरोबर पाट आला तो तुळशीच्या लग्नानंतर. ट्रिगर हॅपीच्या बुडाची वाळलेली माती नखाने खरवडून त्याला उभा केला, तर पडद्यावर लेव्हल ८ आणि वर टोपणनाव, ‘पॅनकेक’. न्यू जर्सीतल्या कुठल्याशा पोराने ठेवलेलं. रीसेट केलं की ते पुसता येतं, असं मी मुलाला सांगितलं. त्याने माझ्या हातातून कंट्रोलर काढून घेतला.