चेहऱ्याची सालं निघतायत: रात्री कमी करू, क्रीम वाढवू की औषधच बदलू?

ट्रेटिनॉइन, म्हणजे मुरमांवर चेहऱ्याला लावायचं औषध, सुरू करून दुसरा आठवडा संपत होता. सकाळी तोंड धुताना नुसतं पाणी लागलं तरी चुरचुरायला लागलं. नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि हनुवटीवर पांढरे पापुद्रे सुटले होते, हसलं की तोंडाच्या कोपऱ्यात ताण बसायचा. चिठ्ठीवर '०.०२५ टक्के, रात्री' एवढंच लिहिलेलं होतं. आता काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. नंतर कळलं की वाटा चार आहेत: लावायच्या रात्री कमी करणं, थोड्या वेळाने धुऊन टाकणं, मॉइश्चरायझरचा आधार घेणं, किंवा डॉक्टरांकडे परत जाऊन औषध बदलून घेणं. चारही उपयोगाच्या आहेत, पण प्रत्येकीत काही मिळतं आणि काही सोडावं लागतं. ज्यांची ट्यूब आत्ता बेसिनजवळ अर्धवट पडून आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. 'साल निघतेय म्हणजे औषध लागू पडतंय' असं मैत्रिणी सांगतात, मेडिकलवालेही सांगतात. ते खरं नाही. रेटिनॉइडमुळे (ट्रेटिनॉइन ज्या गटातलं, त्या औषधांमुळे) वरच्या मेलेल्या पेशींची एकमेकींना असलेली पकड सैल होते आणि खालून नव्या पेशी लवकर वर येतात. त्यामुळे रंध्रं तुंबत नाहीत, मुरमं कमी होतात. पण त्वचेतलं पाणी धरून ठेवणारा थरही या वरच्या पेशींचाच. तो विस्कटला की पाणी उडून जातं, कोरडेपणा येतो, आग होते. हा दुष्परिणाम आहे. तो कमी केला म्हणून मुरमांवरचा गुण जात नाही. शिवाय आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर जिथे जळजळ होते तिथे मागे काळसर डाग राहतो आणि तो जायला महिने लागतात. डाग घालवायला औषध घ्यायचं आणि सहन करत बसून नवे डाग करून घ्यायचे, याला अर्थ नाही.

रात्री कमी करणं की लवकर धुणं

पहिली वाट सगळ्यात साधी. रोज लावत असाल तर एकाआड एक रात्र, तेही झेपत नसेल तर दोन रात्री सोडून तिसरी. पैसे लागत नाहीत, नवं काही शिकावं लागत नाही. मधल्या रात्री नुसतं मॉइश्चरायझर. त्रास बहुतेकांना पहिल्या दोन ते चार आठवड्यांतच सगळ्यात जास्त होतो. पुढे त्वचा औषधाला सरावते आणि रात्री हळूहळू वाढवता येतात. अडचण एकच, ती म्हणजे विसरणं. काल लावलं होतं की परवा, हे चौथ्या दिवशी आठवत नाही. मी सोमवार, बुधवार, शुक्रवार ठरवून टाकले आणि प्रश्न मिटला.

दुसऱ्या वाटेत औषध लावून अर्धा ते एक तास ठेवायचं आणि कोमट पाण्याने धुऊन मॉइश्चरायझर लावायचं. ज्यांची त्वचा तेलकट आहे, मुरमं भरपूर आहेत आणि तरीही एका रात्रीतच चेहरा लाल होतो, त्यांना ही पद्धत मानवते. पण रात्री दहाला लावून अकराला पुन्हा उठून तोंड धुणं, हे लहान मूल असलेल्या किंवा दिवसभराच्या लोकल प्रवासानंतर आडव्या होणाऱ्या बाईला किती दिवस जमेल? पद्धत चांगली आहे, टिकवायला अवघड आहे. दोन्हींतली एकच निवडायची तर मी रात्री कमी करायला सांगेन.

रात्री कमी करण्याआधी प्रमाण मात्र तपासून बघा. संपूर्ण चेहऱ्याला मटारच्या एका दाण्याएवढं पुरतं. कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटीवर ठिपके ठेवून पसरायचं. नाकपुडीची खाच, डोळ्यांचे आणि ओठांचे कोपरे सोडायचे. चेहरा धुतल्यावर वीस-तीस मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, कारण ओल्या त्वचेवर औषध जास्त झोंबतं. माझी निम्मी आग एवढ्यानेच गेली.

मॉइश्चरायझर आधी की नंतर

आधी लावलं तर औषधाची धार थोडी कमी होते, नंतर लावलं तर कमी होत नाही पण कोरडेपणा झाकला जातो. म्हणून साधा नियम: नुसता कोरडेपणा असेल तर औषधानंतर, आग आणि लाली असेल तर आधी. आधी, मग औषध, मग पुन्हा असे दोन्हीकडून थर देण्याची पद्धत इंटरनेटवर फार गाजली आहे. सगळ्यात सौम्य तीच, पण औषध सगळ्यात पातळ पडण्याची शक्यताही तिच्यातच. सुरुवातीच्या महिन्यात ठीक आहे, कायमची सवय लावू नये.

कोणतं लावायचं, हा आपल्याकडे खरा गोंधळाचा भाग. घरात पहिला हात जातो खोबरेल तेलाकडे, नाहीतर दुधाच्या सायीकडे. अंगाला, टाचांना खोबरेल उत्तम. पण मुरमांसाठीच औषध घेत असाल तर चेहऱ्याला नको, त्याने रंध्रं तुंबू शकतात. साय सोलवटलेल्या त्वचेवर लावू नये. पेट्रोलियम जेली स्वस्त, कुठल्याही किराणा दुकानात मिळणारी आणि पाणी अडवून धरण्यात पटाईत. पण ती स्वतः पाणी देत नाही, आणि जूनमधल्या मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत अख्ख्या चेहऱ्यावर चिकट होते. ती ठेवायची नाकाच्या खाचेत, ओठांवर आणि तोंडाच्या कोपऱ्यांत, औषध लावण्याच्या आधी, म्हणजे तिथे औषध ओघळून पोचत नाही. बाकी चेहऱ्याला ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेलं, सुवास नसलेलं साधं क्रीम. जानेवारीत नाशिकला किंवा मेमध्ये अकोला-नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात घट्ट क्रीम, कोकणात पातळ लोशन. महागडी बाटली हवीच असं नाही, औषधाच्या दुकानातलं साधं क्रीम पुरतं.

आणि काय लावायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं. सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश, स्क्रब, लिंबू, मुलतानी माती हे सगळं काही महिने कपाटात. दिवाळीत उटणं अंगाला भरपूर लावा, चेहरा सोडा. पार्लरमध्ये वरच्या ओठाचं वॅक्सिंग केलंत तर कातडी सोलून निघू शकते. थ्रेडिंगच्याही आधी काही दिवस त्या जागी औषध बंद ठेवा. सकाळी सनस्क्रीन, घरात बसणार असलात तरी.

औषध बदलणं

इतकं करूनही सहा आठवड्यांनी चेहरा ताणलेलाच असेल तर डॉक्टरांशी बोलायची वेळ झाली. इथे ट्रेटिनॉइन आणि अ‍ॅडापलीन ही एकाच गटातली दोन औषधं समोरासमोर ठेवून बघण्यासारखी आहेत. ट्रेटिनॉइन जुनं, अमेरिकेत १९७१ पासून मुरमांसाठी वापरात आहे. सुरकुत्या आणि उन्हाने खराब झालेल्या त्वचेसाठी त्याच्याइतका अनुभव दुसऱ्या कशाचा नाही. अ‍ॅडापलीन १९९६ मध्ये तिथे मान्य झालं. मुरमांवर ०.१ टक्के अ‍ॅडापलीन जेल आणि ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइन जेल साधारण सारखंच काम करतात, पण आग आणि सालं अ‍ॅडापलीनने कमी. ते उजेडातही लवकर खराब होत नाही. म्हणजे फक्त मुरमांचा प्रश्न असेल तर हट्टाने ट्रेटिनॉइनला चिकटून राहायचं कारण नाही. वयाच्या खुणांसाठी घेत असाल तर ट्रेटिनॉइनच ठेवा, ताकद कमी करून घ्या, आणि जेल असेल तर क्रीम मागा. अल्कोहोल असलेलं जेल कोरड्या त्वचेला जास्त सुकवतं.

ट्यूबवरचं नाव नीट वाचा. अ‍ॅडापलीनसोबत बेंझॉइल पेरॉक्साइड असेल तर कोरडेपणाचा मोठा वाटा त्या दुसऱ्याचा असू शकतो. उशीच्या रंगीत अभ्र्यावर पांढरे डाग पडायला लागले की समजायचं. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे गोरं करणारं म्हणून विकलं जाणारं तिहेरी क्रीम, ज्यात ट्रेटिनॉइन, रंग उजळवणारं हायड्रोक्विनोन आणि मोमेटासोनसारखं स्टिरॉइड असतं. ते लावल्यावर सालं निघत नाहीत, चेहरा छान मऊ वाटतो, म्हणून लोक ट्रेटिनॉइन सोडून त्यावर जातात. तो मऊपणा स्टिरॉइडचा असतो. महिनोन्‌महिने लावलं की त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि बंद करताच चेहरा पेटतो. २०१८ मध्ये भारतात अशा स्टिरॉइड क्रीमांची चिठ्ठीशिवाय विक्री रोखण्यासाठी नियम कडक झाले, तरी ती सहज मिळतात. कोरडेपणावरचा उपाय म्हणून कुणी ते सुचवलं तर घेऊ नका, अगदी सख्ख्या बहिणीने सुचवलं तरी.

तोंडावाटे आयसोट्रेटिनॉइन (याच गटातल्या, मुरमांवरच्या गोळ्या) घेणाऱ्यांना वरचं फारसं लागू नाही. तिथे कोरडेपणा आतून येतो, ओठ जवळजवळ प्रत्येकाचे फुटतात, नाकात खपल्या धरतात. पेट्रोलियम जेली दिवसातून पाच-सहा वेळा, आणि डोस डॉक्टरच ठरवतील. या गोळ्यांवर असताना गरोदर राहणं बाळासाठी अत्यंत घातक असतं. लावायच्या रेटिनॉइडचंही तसंच धरून चला: दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर ट्यूब बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना सांगा.

चेहरा सुजला, पाणी सुटलं, पापण्या लाल झाल्या, तर वरच्या चार वाटांपैकी एकही नाही. औषध त्याच दिवशी बंद आणि दवाखाना. नुसतं ताणल्यासारखं वाटत असेल तर पहिल्या रात्रीपासून बारा आठवडे मोजा, कारण मुरमांवरचा गुण साधारण आठ ते बारा आठवड्यांनी दिसतो. तोपर्यंत दोन आठवडे सलग चुरचुरलं नाही की एक रात्र वाढवायची. मी सोमवार-बुधवार-शुक्रवारात रविवार घातला तो सातव्या आठवड्यात.