लांबच्या परदेशवारीत मोबाइलचं नेट: रोमिंग, तिथलं सिम की ई-सिम?

लातूर-नांदेडकडची माणसं परदेशी निघतात ती बहुतेक हैदराबादवरून, जालना-संभाजीनगरकडची मुंबईवरून. तिकीट, व्हिसा, विमा ही कामं दोन महिने आधी उरकलेली असतात. नेटचा विषय मात्र बॅगा भरताना निघतो. मेहुणे सांगतात, ‘हॉटेलात वायफाय असतंच की.’ मोबाइल शॉपीवाला म्हणतो, ‘रोमिंगचा पॅक मारून देतो.’ तिकडं शिकणारी मुलगी व्हॉट्सॲपवर लिहिते, ‘पप्पा, ई-सिम घ्या.’ (ई-सिम म्हणजे कार्ड न घालता, क्यूआर कोड स्कॅन करून फोनमध्ये बसवायचं सिम.) तिघांचंही म्हणणं कुणा ना कुणासाठी खरं आहे. एकाच देशाची आठ दिवसांची सहल असेल तर काहीही घेतलं तरी चालून जातं. प्रवास महिना-दोन महिन्यांचा आणि चार-पाच देशांचा असेल तर मात्र निवड चुकल्यावर पैसेही जातात आणि मनस्तापही होतो.

माझं म्हणणं असं, की आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. आपला भारतीय नंबर चालू ठेवणं हे एक काम, नेट मिळवणं हे दुसरं. दोन्ही कामं एकाच सिमकडून करून घ्यायच्या नादात खर्च वाढतो.

आधी नंबर

बँकेचा ओटीपी, कार्डाच्या व्यवहाराची सूचना, विमान कंपनीचा निरोप, सगळं भारतीय नंबरवर येतं. यूपीआय ॲपसुद्धा फोनमधल्या सिमवरून खातेदार ओळखतं. सिम काढून पाकिटात ठेवलं तर ॲप पुन्हा नोंदणी मागू शकतं, आणि त्या नोंदणीचा मेसेज त्याच नंबरवरून जावा लागतो. म्हणून दुसरं कुठलंही सिम घ्या, भारतीय सिम फोनमधून हलवू नका.

नुसतं सिम फोनमध्ये असून भागत नाही. त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावं लागतं. ते नसेल तर तिकडं उतरल्यावर त्या सिमला रेंजच येत नाही, मग ओटीपी कुठून येणार? प्रीपेडवाल्यांना कंपनीनुसार वेगळं रिचार्ज लागतं, ते निघण्याआधी करावं. रोमिंगमध्ये येणारा मेसेज सहसा फुकट असतो, पण आलेला कॉल उचलला की मिनिटाचे पैसे लागतात. कर्जवाल्यांचे आणि जमिनीच्या स्कीमवाल्यांचे फोन तिकडंही येतात, ते वाजून बंद होऊ द्यावेत. या सिमचं डेटा रोमिंग, म्हणजे परदेशात याच सिमवरून नेट चालणं, मात्र बंद ठेवायचं. एवढं केलं की नंबर जिवंत राहतो आणि पैसा फारसा जात नाही.

मुक्काम लांबला तर एक सोय लक्षात ठेवण्यासारखी आहे. एअरटेलनं 2025 मध्ये 189 देशांसाठी वर्षभराचा पॅक आणला: 4,000 रुपयांत 5 जीबी नेट आणि 100 मिनिटं. भाव बदलत असतात, घेताना ताजा दर बघावा. मला हा पॅक नेटसाठी नाही, नंबरसाठी पटतो. 5 जीबी अडीनडीला राखून ठेवायचे आणि रोजचं नेट दुसरीकडून घ्यायचं.

व्हॉट्सॲपचं काय होईल, ही भीती उगाच असते. नेट कुठल्याही सिमचं असो, व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालतं. नवं सिम टाकल्यावर ‘नंबर बदलायचा का’ असं विचारलं तर नाही म्हणा.

मार्ग बघा, मग नेट ठरवा

जीबी किती मिळतात हे लोक आधी बघतात. त्याआधी कुठल्या सीमा ओलांडायच्या आहेत ते बघावं. आपल्याकडून जाणाऱ्यांचे दोन नेहमीचे मार्ग घेऊन सांगतो.

पहिला मार्ग असा: मुलगा श्टुटगार्टला नोकरीला आहे. आई-वडील वाटेत दुबईला तीन दिवस थांबून त्याच्याकडे महिनाभर राहणार, मध्ये पॅरिस आणि स्वित्झर्लंड बघणार, शेवटी लंडनला पुतण्याकडं जाऊन परत येणार. इथं बहुतेक मुक्काम जर्मनीत आहे, म्हणून तिथलं सिम सगळ्यात स्वस्त पडतं. आल्डी, लिडल यांसारख्या सुपरमार्केटमध्येही प्रीपेड सिम मिळतं, चार आठवड्यांचे पॅक असतात. 2017 पासून जर्मनीत ओळख पटवल्याशिवाय प्रीपेड सिम सुरू होत नाही. पासपोर्ट आणि पत्ता लागतो, थोडा वेळही जातो. मुलगा सोबत असला की हे काम सोपं होतं.

या सिमचा मोठा फायदा युरोपीय संघाच्या नियमामुळे मिळतो. 15 जून 2017 पासून संघातल्या एका देशाचं सिम दुसऱ्या देशात वापरताना जादा रोमिंग शुल्क लागत नाही, आणि 2022 मध्ये हा नियम 2032 पर्यंत वाढवला. 27 देशांसोबत नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइनही त्यात येतात. जर्मन सिम घेऊन पॅरिसला गेलात तर फोनला काही करावं लागत नाही. फक्त परदेशात वापरायच्या नेटला पॅकनुसार मर्यादा असू शकते.

आपली माणसं अडकतात ती स्वित्झर्लंडमध्ये. नकाशात तो देश युरोपच्या मधोमध आहे, पण संघात नाही, त्यामुळे हा नियम त्याला लागू नाही. काही कंपन्या आपल्या पॅकमध्ये त्याला धरतात, काही धरत नाहीत. बाझेलला रेल्वे सीमा ओलांडते आणि फोन आपोआप स्विस टॉवर पकडतो. कॉन्स्टान्स सरोवराच्या काठी तर जर्मनीच्या बाजूला उभं राहूनही स्विस रेंज येऊ शकते. ब्रिटनही 2021 पासून या नियमाबाहेर आहे. म्हणून या मार्गावर जर्मन सिम मुख्य ठेवावं, आणि त्यात स्वित्झर्लंड-लंडन येत नसतील तर तेवढ्या दिवसांपुरतं छोटं ई-सिम घ्यावं. मुक्काम एके ठिकाणी नसेल, आठ-दहा शहरं फिरायची असतील, तर सुरुवातीपासून युरोपभराचं ई-सिम बरं. त्याच्या यादीत स्वित्झर्लंड आणि ब्रिटन ही दोन नावं डोळ्यांनी वाचून घ्या.

दुसरा मार्ग बौद्ध स्थळांच्या यात्रेचा. मराठवाड्यातून असे गट निघतात: श्रीलंकेत अनुराधापूरचा बोधिवृक्ष आणि कँडीचं दंतधातू मंदिर, मग थायलंड, कंबोडियातलं अंगकोर, शेवटी व्हिएतनाम. इथं युरोपसारखा सामाईक नियम नाही. प्रत्येक देशाच्या कंपन्या वेगळ्या: श्रीलंकेत डायलॉग आणि मोबिटेल, थायलंडमध्ये एआयएस आणि ट्रू, कंबोडियात स्मार्ट आणि सेलकार्ड, व्हिएतनाममध्ये व्हिएटेल. विमानतळावरच काउंटर असतात, पासपोर्ट दाखवून पर्यटकांचं सिम मिळतं, आणि आपल्या रोमिंगच्या मानानं नेट भरपूर मिळतं. एकटा-दुकटा, सवडीनं फिरणारा असेल तर त्यानं तेच घ्यावं. पण गटासोबत असाल तर प्रत्येक देशात उतरल्यावर तुम्ही काउंटरच्या रांगेत आणि बाहेर बसमध्ये चाळीस माणसं खोळंबलेली, असं होतं. शिवाय दर देशाला सिम बदलताना ते पिटुकलं कार्ड सांभाळायचं. या मार्गाला आशियाभराचं एकच ई-सिम सोयीचं आहे, थोडं महाग पडलं तरी. मात्र ‘आग्नेय आशिया’ नावाच्या पॅकमध्ये श्रीलंका बहुधा नसते. ‘आशिया’ असं लिहिलेला पॅक शोधा आणि त्यातही यादी तपासा.

लुंबिनीला गोरखपूर-सोनौलीवरून जाणाऱ्यांसाठी वेगळं काही लागत नाही. दोन-तीन दिवसांचं काम असतं, नेपाळचं सिम घ्या किंवा कंपनीचा छोटा पॅक. सीमेजवळ फोन कधी इकडचा तर कधी तिकडचा टॉवर पकडतो, तेवढं लक्ष ठेवा.

कंपनीचं रोमिंग कुणी घ्यावं

रोमिंग पॅकला नावं ठेवायची फॅशन आहे, पण मला ते पटत नाही. सत्तरीतल्या आजी मुलीच्या बाळंतपणाला निघाल्या आहेत, फोनच्या सेटिंगमध्ये कधी गेलेल्या नाहीत, मध्ये एका विमानतळावर विमान बदलायचं आहे. त्यांच्या हातात विमानातून उतरल्या उतरल्या चालणारा फोन असणं हेच महत्त्वाचं. पोचेपर्यंत दोन-चार दिवसांचा रोमिंग पॅक घ्यावा, पुढं मुलगी तिथलं सिम घालून देईल.

महिनाभर रोजचं नेट रोमिंगवर चालवणं मात्र परवडत नाही. पॅक दिवसांवर असतो, साठ दिवसांत तो कितीदा मारावा लागेल ते मांडून बघा. पॅकचे दिवस कधीपासून मोजतात, तिकडच्या टॉवरला पहिल्यांदा जोडल्यापासून की तुम्ही दिलेल्या तारखेपासून, हेही विचारा. आणि एक: रोमिंगचं नेट बहुतेक वेळा आपल्या मूळ कंपनीमार्फत फिरून येतं, त्यामुळे किंचित रेंगाळतं.

याच फिरून येण्याचा दुबईत उपयोग होतो. संयुक्त अरब अमिरातीत तिथल्या नेटवर व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, पण व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल लागत नाहीत. हॉटेलच्या वायफायवरही तीच गत. बाहेरच्या देशातून फिरून येणाऱ्या रोमिंगवर कॉल लागण्याची शक्यता जास्त असते. चीनमध्ये तर व्हॉट्सॲप आणि गुगल दोन्ही अडवलेलं आहे, तिथं बाहेरचं रोमिंग किंवा ई-सिमच कामाला येतं. म्हणून पहिल्या मार्गावरच्या दुबईच्या तीन दिवसांसाठी मी तिथलं सिम सुचवणार नाही.

ई-सिमआधी हँडसेट तपासा

डायलरवर *#06# दाबा. आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकासोबत ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला तर फोनमध्ये ई-सिम चालतं. आयफोनमध्ये 2018 च्या एक्सएस-एक्सआरपासून ही सोय आहे. आपल्याकडं जास्त खपणाऱ्या दहा-पंधरा हजारांच्या फोनमध्ये ती बहुधा नसते. तसा फोन असेल तर दुसऱ्या खाचेत परदेशी सिम टाकायचं. पण ट्रे बाहेर काढून एकदा बघा: कित्येक फोनमध्ये दुसरं सिम आणि मेमरी कार्ड यांची जागा एकच असते. मेमरी कार्डात लग्नाचे फोटो असतील तर ते घरीच उतरवून घ्या. ट्रेची पिन पासपोर्टच्या पाऊचमध्ये टाका.

ई-सिम घेताना आणखी एक अडचण आहे. परदेशी सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. त्याच कारणानं जानेवारी 2024 मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही दोन प्रसिद्ध ॲप भारतातल्या ॲप स्टोअरवरून काढली गेली. त्यामुळे इथूनच घेऊन जायचं तर मॅट्रिक्ससारखा भारतीय विक्रेता बघा.

क्यूआर कोड ज्या फोनवर आला त्याच फोननं तो स्कॅन करायचा कसा, इथं पुष्कळांची गाडी अडते. घरच्या दुसऱ्या फोनवर उघडा किंवा झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढा. घरच्या वायफायवर ई-सिम बसवून ठेवा, पण मुदत बसवल्यापासून सुरू होते की तिकडं पोचल्यावर, ते आधी वाचा. एकदा बसवलेलं ई-सिम प्रवासात डिलीट करू नका, बहुतेक ई-सिम पुन्हा बसत नाहीत.

उतरल्यावर नेट लागलं नाही तर नव्वद टक्के कारण एकच असतं. ई-सिम बहुधा दुसऱ्याच देशाच्या कंपनीचं असतं, म्हणून त्याचं डेटा रोमिंग चालू करावं लागतं. लोक धसक्यानं दोन्ही सिमचं बंद ठेवतात. भारतीय सिमचं बंद, ई-सिमचं चालू. आयफोनमध्ये एका सिमची रेंज गेल्यावर आपोआप दुसऱ्याचं नेट वापरायचं सेटिंग असतं, तेही बंद करा, नाहीतर भारतीय सिमचं डेटा रोमिंग चुकून चालू राहिलं असेल तर बोगद्यात शिरताच त्यावरून पैसे कटायला लागतील.

‘अमर्याद’ लिहिलेल्या पॅकमध्ये रोजचं ठरावीक नेट संपलं की वेग पडू शकतो, आणि काहींत हॉटस्पॉटला बंधन असतं. नवरा-बायको एकाच फोनच्या नेटवर चालवणार असतील तर हॉटस्पॉटचं आधी विचारा. चौघं सतत सोबत असतील तर भाड्याचं पॉकेट वायफायही मिळतं, पण ते रोज चार्ज करायचं, सांभाळायचं आणि परत करायचं. मला ते नको वाटतं.

नेट जातं कुठं

नकाशाला आणि मेसेजला नेट फार लागत नाही. नेट खातात ते रील, फोटोंचा आपोआप बॅकअप आणि आपले ग्रुप: भावकीचा, दहावीच्या बॅचचा, सोसायटीचा. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपच्या स्टोरेज-डेटा सेटिंगमध्ये ‘रोमिंगमध्ये असताना’ असा वेगळा पर्याय असतो, तिथल्या सगळ्या खुणा काढून टाका. ई-सिम फोनच्या लेखी रोमिंगच असतं, म्हणून हा पर्याय तिथं बरोबर लागू पडतो. गुगल मॅप्सवर पुढच्या शहराचा नकाशा आदल्या रात्री हॉटेलच्या वायफायवर उतरवून घ्या. विमानात आणि क्रूझवर फोन फ्लाइट मोडवरच ठेवा, तिथलं उपग्रहावरचं नेटवर्क नेहमीच्या पॅकमध्ये बहुधा नसतं.

उमराहला जाणाऱ्यांनी सौदीतलं सिम घ्यायचं तर बोटांचे ठसे द्यावे लागू शकतात हे माहीत असू द्या. मदिनेत रियाज-उल-जन्नाह या मशिदीतल्या पवित्र जागी जायची वेळ नुसुक या सौदी सरकारी ॲपवर घ्यावी लागते, त्यामुळे तिथं उतरल्या दिवसापासून नेट हवं. पुढं दुबई असेल तर दोन्ही देशांचं एक ई-सिम बघा.

शेवटचा प्रश्न घरच्या बाजूचा. तुमच्याकडं पॅरिसमध्ये कितीही वेगाचं नेट असलं तरी गावाकडं, निलंगा-देवणीच्या एखाद्या वाडीत, आईच्या फोनला रेंज अंगणात येते आणि लाइट गेली की तीही जाते. तिच्याशी रोज व्हिडिओ कॉल होणार नाही हे धरूनच पॅक निवडा. दिवसातून दोन व्हॉइस मेसेज तिला नक्की पोचतात. तिनं ते उघडून ऐकण्याचा आणि उलट पाठवण्याचा सराव तुम्ही निघण्याआधी शेजारच्या पोराकडून करून घ्या.