रिकम्बंट तीनचाकीची जाळीची बैठक: वापरानंतरचा अभिप्राय
इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात फाल्मथ येथे तयार होणारी आयसीई कंपनीची ‘स्प्रिंट’ ही रिकम्बंट, म्हणजे मागे रेलून पाय पुढे ठेवून चालवायची, तीनचाकी सायकल मी चालवतो आणि तिच्या जाळीच्या बैठकीवर मनापासून समाधानी आहे, कारण उन्हाळ्यातही पाठीला वारा लागत राहतो आणि सदरा घामाने अंगाला चिकटत नाही. कोणतीही जाळी वापराने थोडी सैलावतेच. तसे झाले की कंबर मागे रुतते, पेडल लांब पडू लागते आणि गुडघा पूर्ण ताठ होतो. म्हणूनच पेडल जवळ आणण्यासाठी ते ज्यावर बसवलेले असते ती पुढची नळी हलवण्याआधी बैठकीमागचे पट्टे तपासावेत. कमरेजवळचे पट्टे घट्ट आणि खांद्यांकडचे किंचित सैल ठेवले की पाठीच्या खालच्या बाकाला नेमका आधार मिळतो. पट्टे ओढताना मात्र बैठकीवरून उतरावे, नाहीतर शरीराच्या भारामुळे ते बकलमधून नीट सरकत नाहीत. जाळी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवणे पुरते. बैठकीच्या चौकटीच्या नळीच्या कडेला, जिथे जाळीचे कापड दुमडते, तिथली शिवण मी दर महिन्याला बोटाने चाचपतो आणि एक टाका जरी उसवलेला दिसला, तरी तो शिवल्यावाचून सायकल बाहेर काढत नाही.