तीस ताव, दोन पावसाळे: सुती हातकागदावर जलरंग

हा कागद मला सापडला कोल्हापुरात, लग्नपत्रिकांच्या कागदाच्या दुकानात. भाचीच्या पत्रिका ठरवायला गेले होते. सोनेरी, गुलाबी, फुलांच्या पाकळ्या घातलेल्या कागदांच्या चळतीखाली पाच-सात पांढरट ताव दबलेले दिसले. एक कोपरा धरून हलवला तर खणखणीत आवाज आला. दुकानदार म्हणाले, "ताई, तो पत्रिकेला जाड पडतो. चित्रवाले नेतात अधूनमधून." वजन विचारलं, तर 300 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम. माप 56 बाय 76 सेंटिमीटर, चारही कडा कातरलेल्या नाहीत, सुट्या. ताव 120 रुपये. कारखान्याचा शिक्का नाही, वेष्टन नाही, त्यामुळे नाव मला लिहिता येत नाही. पाच ताव घेऊन आले आणि पुढच्या महिन्यात पंचवीस मागवले. त्या तीस तावांवर दोन वर्षं काम केल्यावर आता लिहायला बसले आहे.

आधी कुठून आले ते सांगते, कारण कागदाबद्दलचं मत त्यावरच अवलंबून असतं. सावंतवाडीजवळच्या एका हायस्कुलात मी सत्तावीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटची मुलं, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि समोर कायम कार्ट्रिज कागद. त्यावर पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, दिला की कागद लाटांसारखा उठतो, खळग्यांत पाणी साचतं आणि कडांना डाग पडतात. मुलांना मी सांगायचे, पाणी कमी घ्या. निवृत्तीनंतर कळलं, की ती सवय माझ्याच हाताला लागली होती. मग विलायती सुती कागद घेतला. कागद उत्तमच, पण त्याच मापाच्या एका तावाला याच्या पाच-सहा पट पैसे. कागद महाग असला की हात आखडतो. मी त्यावर फक्त जमणारीच चित्रं काढायला लागले. मोती तलाव, राजवाड्याची कमान, पुन्हा मोती तलाव. चुकायला जागाच उरली नाही.

या हातकागदाने ती जागा दिली. माझ्या दृष्टीने हा त्याचा पहिला गुण.

उजेडासमोर धरला तर यात तंतू दिसतात, मध्येच एखादा निळसर धागाही दिसतो. होजिअरीच्या कारखान्यांतल्या सुती चिंध्या बारीक कापून, कुटून त्यांचा लगदा करतात. तो हौदात पातळ करून जाळीच्या साच्यावर उचलतात, कापडाच्या थरांत दाबतात आणि दोरीवर वाळत घालतात. साचा हाताने उचललेला असल्यामुळे दोन ताव तंतोतंत सारखे नसतात, एकाच तावाची एक बाजूही किंचित जाड निघते. आपल्याकडे ही विद्या जुनी आहे. जुन्नरी आणि दौलताबादी कागदाचं नाव होतं, दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गावच आहे. तो कागद घोटीव असायचा, गुळगुळीत दगडाने घासून बोरूसाठी तयार केलेला. पुण्यात 1940 साली कृ. बा. जोशी यांनी हातकागद संस्था उभी केली, तिथून या धंद्याला नव्याने बळ मिळालं. माझ्या हातातला कागद मात्र घोटलेला नाही. याचा पोत खडबडीत आहे, ताज्या तांदळाच्या भाकरीच्या पाठीसारखा, आणि जलरंगाला तोच हवा असतो.

नवीन ताव आला की मी आधी कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवते आणि आकडे मोजते. पहिल्या पाच तावांवर थेंब चाळीस मोजेपर्यंत फुगलेला राहिला. म्हणजे खळ चांगली बसली होती. खळ म्हणजे कागदाला रंग एकदम पिऊ न देणारा लेप. ती नसेल तर कागद टीपकागद होतो.

अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून जो राखाडी होतो, तो आमच्या आकाशाचा रंग आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात आंबोलीच्या घाटावर ढग उतरतात तेव्हा नेमका हाच रंग असतो, खाली किंचित तांबूस आणि वर निळसर. ताव बोर्डावर गम टेपने ताणून बसवला, पूर्ण ओला केला आणि मोठ्या ब्रशने हा राखाडी वरून सोडला. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसले. बर्न्ट सिएना उंचवट्यांवर पसरून राहिला. वाळल्यावर एकाच वॉशमध्ये दोन रंग वेगळे दिसायला लागले, पाऊस पडायच्या आधी हवेत जो दाणेदारपणा येतो तसे. गुळगुळीत कागदावर हे होत नाही, आणि विलायती कागदावर मला ते इतकं ठळक कधी मिळालं नव्हतं. त्या दिवशी मी एकामागून एक तीन आकाशं केली. दोन बिघडली. दोन्ही ठेवून दिली आहेत.

आता जिथे हा कागद कमी पडतो ते. रंग उचलणं याच्यावर नीट होत नाही. वाळलेल्या वॉशवर ओला ब्रश फिरवून उजेड काढायला गेलं तर रंग अर्धाच निघतो आणि जागा मळकट होते. थॅलो निळा तर एकदा बसला की बसला. पांढरी जागा झाकायला लावलेलं मास्किंग फ्लुइड काढताना तंतू सोबत उपटून येतात, मास्किंग टेपही जपूनच लावायची. खोडरबर जोरात फिरवला तर लव उठते आणि तिथे पुढचा रंग गडद पडतो. म्हणून रेखाटन वेगळ्या कागदावर पक्कं करायचं आणि यावर हलक्या पेन्सिलीने चार खुणाच करायच्या. बारीक रेषांचं काम, वास्तूंचे तपशील, चेहऱ्याची नाजूक छटा हवी असेल त्यांनी हा कागद घेऊ नये.

पण याच उणिवेने माझी काम करायची रीत बदलली. उचलता येत नाही म्हटल्यावर पांढरं कुठे राखायचं हे ब्रश ओला करायच्या आधी ठरवावं लागतं. आता मी अर्धा तास नुसती कोऱ्या तावाकडे बघत बसते. चित्रकार सावळाराम हळदणकर आमच्या सावंतवाडीचे, जन्म 1882 चा. समईवर हात धरलेल्या बाईचं त्यांचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पुष्कळांना ते तैलरंगातलं वाटतं, पण ते जलरंगात आहे. बोटांच्या कडांमधून जो लालसर उजेड येतो, तो बघत मी तिथे बराच वेळ उभी होते. तेव्हा मी पंचविशीत होते आणि मला वाटलं होतं, की हे रंगाचं कसब आहे. आता कोऱ्या तावासमोर बसले की कळतं, एवढा उजेड सांभाळायचा तर पहिल्या वॉशच्या आधीच तो डोळ्यांपुढे असावा लागतो.

साहित्याने चित्रकाराला वळण लावावं, हे मी मोठ्यांच्या कामात पाहिलं होतं. वासुदेव गायतोंडे रोलरने आणि नाइफने रंग लावत आणि काढत. प्रभाकर बरवे आपल्या अलिबागजवळच्या नागावचे. त्यांनी दारं-खिडक्या रंगवायचा एनॅमल कॅनव्हासवर आणला. 2019 मध्ये मुंबईच्या एनजीएमए या सरकारी कलासंग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा मुद्दाम रात्रीच्या गाडीने गेले होते. एनॅमलचा तो सपाट, थंड पृष्ठभाग जवळून पाहिला आणि वाटलं, हा माणूस दुकानात मिळणाऱ्या साध्या डब्यातून स्वतःची भाषा काढतोय. माझ्या घराच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, जांभा हा तांबडा दगड आहे. त्याचाच रंग करून बघावा, हा विचार त्या प्रदर्शनातून सुरू झाला.

या कागदावर सगळ्यात जास्त रमले ते जांभ्याच्या रंगात. गडग्यातला पडका चिरा घेतला, खलबत्त्यात कुटला आणि मलमलीतून चाळला. भुकटी पाण्यात ढवळली, जड रेती खाली बसू दिली आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या पातेल्यात ओतलं. असं तीनदा. रात्रभरात तळाशी जो मऊ साका बसला तो वाळवला. चिऱ्यात पिवळ्या रंगाचे कप्पे असतात, तेही टोकरून वेगळे केले होते. ती पिवळी भुकटी लोखंडी तव्यावर मोठ्या आचेवर परतली. पाच-सात मिनिटांत ती कडेने तांबूस व्हायला लागली आणि शेवटी विटेसारखी लाल झाली. लोहाच्या पिवळ्या संयुगातलं पाणी उडालं की ते लाल होतं. रॉ सिएना भाजून बर्न्ट सिएना करतात त्यामागचं कारण हेच. मुलांना वर्षानुवर्षं ही दोन नावं पाठ करून घेतली होती. ती रंगताना तव्यावर पाहिली ती साठाव्या वर्षी.

बाभळीचा डिंक दुप्पट पाण्यात भिजवून गाळला, त्यात थोडा मध आणि बुरशी धरू नये म्हणून लवंग तेलाचे दोन थेंब घातले. काचेवर भुकटी आणि हा डिंक एकत्र करून तासभर घोटलं. विकतच्या ट्यूबसारखा गुळगुळीत रंग झाला नाही, किंचित कचकच राहिली. विलायती कागदावर ती कचकच घाण दिसली. या हातकागदावर मात्र ती चिऱ्यासारखीच दिसली, कारण कागदाचा आणि रंगाचा पोत जुळला. गेल्या वर्षभरात मी कौलारू घरं आणि गडगे याच तीन रंगांत केले: भाजलेला लाल, कच्चा पिवळा आणि विकतचा अल्ट्रामरीन. लोहाचे रंग उन्हाला दाद देत नाहीत, हा आणखी एक फायदा. दक्षिणेच्या खिडकीत मी रंगांच्या पट्ट्या अर्ध्या झाकून लावल्या होत्या. चार महिन्यांत अलिझरिन क्रिमसन या गडद लाल रंगाची उघडी बाजू फिकी पडली, जांभा होता तसाच आहे. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक पीआर 83 लिहिलेला असेल तर तो अलिझरिन. मी तो बंद करून पीव्ही 19 घेतला.

आता पावसाळा. सिंधुदुर्गात राहणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा.

कुरिअरने मागवलेल्या पंचवीस तावांची गुंडाळी पातळ पुठ्ठ्याच्या नळीत आली आणि तीन तावांचे कोपरे ओले होते. दुकानदारांना फोटो पाठवले, त्यांनी तीन ताव बदलून दिले, काही विचारलं नाही. उरलेले मी भिंतीच्या कपाटात ठेवले, तीच माझी चूक. श्रावणात काढले तेव्हा दिसायला कोरे आणि स्वच्छ होते. वॉश दिला आणि आकाशभर गडद ठिपके उमटले, मसुरीच्या डाळीएवढे. दमट हवेत खळ जागोजागी मेली होती. कोपऱ्यावरचा थेंब सहा मोजेपर्यंतच टिकला. अकरा ताव असे निघाले. हे विलायती कागदाचंही होतं, पण याच्यावर ते लवकर झालं, कारण खळ मुळात पातळ असावी.

ते ताव टाकवेनात. आमच्याकडे गंजिफाची, म्हणजे जुन्या खेळातल्या पत्त्यांची, पानं रंगवायची परंपरा आहे, दशावताराच्या संचात 120 गोल पानं असतात. पानांचा आतला गाभा तयार करायला चिंचोक्याची खळ लावायची जुनी पद्धत आहे. म्हणून चिंचोके भाजून, सालं काढून, भिजवून वाटले, शिजवले आणि ती खळ पातळ करून दोन तावांना लावली. थेंब टिकला, पण कागद पिवळट झाला आणि वॉश वर घसरायला लागला. गंजिफासारख्या सपाट, झाकणाऱ्या रंगाला ती उत्तम. पारदर्शक जलरंगाला नाही. मग लिटरभर कोमट पाण्यात 25 ग्रॅम जिलेटिन विरघळवलं, उकळू दिलं नाही, आणि रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना लावून ताव दोरीवर वाळवले. थेंब पस्तीस मोजेपर्यंत टिकला. रंग पहिल्यासारखा बसला, उलट किंचित जास्त चमकदार. आता नवीन ताव आला तरी मी मे महिन्यातच हा हात देऊन ठेवते. तयार ताव प्लॅस्टिकमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, बाहेरच्या भिंतीपासून लांब, पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत.

निसर्गचित्रं करणाऱ्यांनी, मोठ्या ब्रशने आणि भरपूर पाण्याने काम करणाऱ्यांनी, घरी रंग करून बघणाऱ्यांनी हा कागद जरूर घ्यावा. परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना देऊ नये, तिथे खोडरबर लागतोच. आधी दोनच ताव घ्या, दोन्ही बाजू तपासा, कोपऱ्यावर थेंब ठेवून मोजा. पंधराच्या आत जिरला तर दुकानदाराला दुसऱ्या गठ्ठ्यातला मागा. आणि उजेडासमोर धरून खूप पातळ जागा दिसली तर तो ताव सोडून द्या, ताणताना तिथेच फाटतो.

ट्रंकेत चार ताव उरले आहेत. दोन गडग्यासाठी ठेवले आहेत. यंदा पावसात गडगा आणखी खचला आणि आतला चिरा वेगळ्याच रंगाचा निघाला, जांभळ्याकडे झुकणारा. तो कुटून साका बसवून ठेवला आहे, अजून वाळतोय.