तासागणिक दराचा वीज प्लॅन: आठ महिन्यांनंतर

चौथ्या महिन्यात मी या प्लॅनला पाच स्टार दिले होते. ते मागे घेतोय. कारण मागच्या महिन्यातली एकच संध्याकाळ, सहा ते आठ. त्या दोन तासांनी अख्ख्या बिलाचा पाचवा हिस्सा गिळला.

मी पक्का चिक्कू, त्यामुळे सुरुवातीला हा खेळच वाटला. दुपारी ऊन असताना स्वस्त, मध्यरात्रीनंतर स्वस्त. वॉशिंग मशीन रात्री पावणेदोनला लावायचं. सकाळी झाकण उघडलं की कपड्यांचे पिळलेले दोर आणि कुबट वास. मग पुन्हा धुवा. ही दुसरी धुलाई मी बचतीच्या हिशेबात कधी धरलीच नाही, असो.

खरा राग आहे तो ॲपच्या सूचनेवर. दर आदल्या दिवशी दुपारीच घाऊक वीजबाजाराच्या लिलावात ठरतात. म्हणजे कंपनीकडे अठ्ठावीस तास होते. मला सूचना आली पावणेसहाला, गीझर अर्धा तापल्यावर!

फोन केला. उत्तर: "दर बाजार ठरवतो, आम्ही नाही." तेव्हा ही टोलवाटोलवी वाटली. नंतर वाचल्यावर कळलं, बोलणं खरं आहे, पण अर्धंच. लिलावात स्वस्त वीज आधी घेतात आणि गरज भागवणाऱ्या शेवटच्या, सर्वांत महाग वीजकेंद्राचा दर सगळ्यांना मिळतो. आता ज्याची दहा केंद्रं आहेत त्याने एक 'दुरुस्तीला' काढलं, तर दर चढतो आणि त्या एकाचा तोटा उरलेली नऊ भरून काढतात. कॅलिफोर्नियात 2000-01 मध्ये हे झालं. एन्‍रॉन या वीज-व्यापारी कंपनीचा माणूस केंद्र बंद ठेवायला सांगतोय, अशी फोनवरची ध्वनिफीतच नंतर बाहेर आली. माझ्या संध्याकाळी तसं झालं असं मी म्हणत नाही, वाराही पडलेला होता, म्हणजे पवनचक्क्यांची वीजही कमीच. पण वीज विकणारा आणि बनवणारा एकाच समूहाचे असतील, तर "आम्ही नाही" कुठल्या तोंडाने म्हणायचं?

मग करारपत्र काढलं. कमाल दर: लागू नाही. टेक्ससमध्ये फेब्रुवारी 2021 च्या थंडीत घाऊक दर युनिटला 9 डॉलरवर जाऊन काही दिवस तिथेच बसला होता. असल्या प्लॅनवाल्यांना हजारो डॉलरची बिलं आली. आणि मी पाच स्टार देऊन बसलो होतो.

आता तीन. त्यातलाही एक दुपारच्या दरासाठी, तो मोह सुटत नाही. कमाल मर्यादेचा प्लॅन आहे म्हणे, स्थिर आकार जास्त. दुसरी धुलाई धरून या रविवारी दोन्हींचा हिशेब मांडणार आहे.