लोंगजीचं लाकडी घर की फुजियानचा थुलोउ: मुक्काम कुठे करावा?

दक्षिण चीनमधल्या डोंगराळ गावात एक-दोन रात्री राहायचं म्हटलं, तर आमच्या मते दोन जागा खरोखर विचारात घेण्यासारख्या आहेत. एक ग्वांगशी स्वायत्त प्रदेशातलं लोंगजी, म्हणजे युआन राजवटीच्या काळापासून (1271–1368) डोंगर कोरून केलेल्या भातखाचरांमधली लाकडी घरं. दुसरी फुजियानमधले थुलोउ, म्हणजे चोपलेल्या मातीच्या जाड भिंतींचे कुळाचे वाडे. त्यातल्या 46 वास्तूंना 2008 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

लोंगजीला जाण्यासाठी गुइलिनहून गाडीने दोन-अडीच तास लागतात. खरा प्रश्न त्यानंतरचा. गाडी गावाच्या पायथ्याशी थांबते आणि पुढे दगडी पायऱ्या सुरू होतात. च्वांग जमातीच्या पिंगआन गावाला साधारण अर्ध्या तासात पोहोचता येतं. लाल याओ जमातीच्या दाझाई गावावरून वरच्या थ्येन्थोउ वस्तीला चढायला तास धरा. पाठीवर टोपली घेतलेल्या याओ बायका सामान वर नेतात, पण दर नगावर आहे की फेरीवर, हे आधीच ठरवा. शक्यतो मोठी बॅग गुइलिनच्या हॉटेलात ठेवून पाठीवरची पिशवी तेवढी न्या. दाझाईत केबलकार आहे, पण ती शिखरावर नेते, हॉटेलच्या दारात नाही, आणि संध्याकाळी बंद होते. तिच्या भरवशावर उशिरा पोहोचलात, तर अंधारात पायऱ्या चढाव्या लागतील.

थुलोउकडे जाताना चढ कमी आणि घोटाळे जास्त. शियामेनहून जलद रेल्वेने नानजिंग स्टेशनला उतरायचं आणि पुढे बस किंवा टॅक्सीने तास-दीड तास जायचं. मात्र चिआंगसू प्रांतातलं प्रसिद्ध नानजिंग शहर वेगळं. ते आठशेहून अधिक किलोमीटर उत्तरेला आहे आणि रोमन लिपीत दोन्ही नावं सारखीच दिसतात. तिकीट काढताना प्रवासाचा वेळ बघा. शियामेनहून तासाभराच्या आतबाहेरचा दिसत असेल तरच ते बरोबर.

आता खोली. थुलोउत तळमजल्यावर स्वयंपाकघर, पहिल्यावर धान्याचं कोठार आणि त्याच्या वर झोपायच्या खोल्या असतात. प्रत्येक कुटुंबाकडे तळापासून छपरापर्यंतची एक उभी फाक. जुन्या वाड्यातली खोली म्हणजे खाट, छोटं टेबल आणि मोठ्या चौकाकडे उघडणारं दार. बाहेरच्या बाजूला असली तर एक लहानशी खिडकी. आतलं सगळं लाकूड, त्यामुळे गॅलरीतून कोणी चाललं की फळ्या करकरतात. मूळ रचनेत वर संडास नव्हते, म्हणून रात्री जिना उतरावा लागेल का, हे आरक्षणाआधी विचारा. सोबत वयस्क मंडळी असतील तर वाड्याच्या आत राहूच नका. ताशिआसारख्या नदीकाठच्या गावात साध्या हॉटेलात राहा आणि थ्येनल्वोखंग वस्तीतले पाच वाडे (एक चौकोनी, तीन गोल, एक लंबगोल) दिवसा बघून या.

लोंगजीतल्या लाकडी हॉटेलांत बहुतेक ठिकाणी खोलीलाच न्हाणीघर जोडलेलं असतं. तक्रार असते ती पातळ भिंतींची: शेजारच्याचं घोरणंही ऐकू येतं. सर्वात वरच्या मजल्यावरची, खाचरांकडे तोंड असलेली खोली मागा. हंगाम मात्र नेमका साधायला हवा. मे अखेर ते जून खाचरं पाण्याने भरलेली असतात, सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला पीक पिवळं होतं. 1 ऑक्टोबरपासूनच्या राष्ट्रीय सुट्टीत गर्दी आणि भाडं दोन्ही वाढतं, ते आठवडाभर टाळा. जूनमध्ये पाऊस-धुक्यामुळे काहीच न दिसण्याची शक्यता असते, म्हणून तिथे दोन रात्री ठेवा. थुलोउला एक रात्र पुरते आणि पाऊस आला तरी फारसं बिघडत नाही.

शाकाहाऱ्यांना दोन्हीकडे जपूनच खावं लागतं. लोंगजीच्या बांबूतल्या भातात बऱ्याचदा खारवलेलं डुकराचं मांस असतं, आणि साध्या भाजीलाही डुकराची चरबी वापरलेली असू शकते. 'मांस, मासे, चरबी, ऑयस्टर सॉस नको' एवढं चिनी भाषेत फोनवर लिहून ठेवा. अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंडं आणि भात सगळीकडे मिळतो.

यूपीआयवर विसंबू नका. निघण्यापूर्वी अलीपे या चिनी पेमेंट अ‍ॅपला आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केलेलं कार्ड जोडा. 200 युआनपर्यंतच्या व्यवहाराला अधिभार नाही, त्यापुढे 3 टक्के लागतो. सामान वाहणाऱ्या बायकांसाठी थोडी रोकड खिशात असू द्या. परदेशी पाहुण्याची पोलिसांकडे नोंद हॉटेलवाल्यांना करावी लागते आणि छोट्या ठिकाणी ती पद्धत कोणाला माहीतच नसते; तेव्हा परदेशी पासपोर्ट घेता का, हे आधीच संदेश पाठवून विचारा.

गुडघे धड असतील आणि हंगाम जुळत असेल तर थ्येन्थोउ. जुन्या बांधकामाची आवड असेल, किंवा शियामेनला जाणं होणारच असेल, तर थुलोउ. एकाच आठवड्यात दोन्ही कोंबलंत, तर निम्मा वेळ रेल्वेतच जाईल.